वाजवून

अकरा वर्षं मी एकच वाक्य टाइप केलं:
‘कंपनीसमोर उल्लेखनीय अशी कोणतीही जोखीम नाही.’
डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड,
मधोमध दोन पिना.
उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीचा वार्षिक अहवाल
टपालानं घरोघर जायचा
आणि त्यावर लसूण सोलला जायचा.

सभा वीस मिनिटांची.
ऑडिटर नेमण्याचा ठराव चौथा;
हात वर होईपर्यंत मागच्या रांगेत
कुंद्याचे डबे उघडलेले असायचे.
यरगट्टी साहेब हिरवा पेन घेऊन दोन दिवस यायचे.
तिसऱ्या दिवशी सही वाळलेली.

त्या वर्षी हलगेकर साहेबांना काय झालं कुणास ठाऊक.
बँकेनं दटावलं असेल,
किंवा नुसतीच झोप लागली नसेल.
म्हणाले, लिही:
शंभरातली बासष्ट पंप-कव्हरं एकच गिऱ्हाईक घेतं.
त्यानं तोंड फिरवलं तर
दोन नंबरच्या भट्टीत कावळे घरटं करतील —
हे शेवटचं लिहू नकोस.

मी लिहिलं नाही. बाकीचं लिहिलं.

कन्नड पान शिवलीला करते.
जोखमीला तिनं शब्द घातला: अपाय.
तिच्या भाषेत अपाय म्हणजे समोर उभा असलेला धोका.
आमच्या भाषेत अपाय म्हणजे होऊन गेलेली इजा.
इथली माणसं दोन्ही पानं वाचतात,
आणि भ्यायली की
दोन्हींतला वाईट अर्थ धरतात.

आठ दिवसांत एकोणीस पत्रं.
सगुणा मुतगेकर, खानापुरात मडकी विकतात,
नवऱ्याच्या फंडातून घेतलेले दोनशे शेअर.
त्या पत्र न लिहिता स्वतःच आल्या:
‘अपाय हाय म्हणतासा, मग हे आकडे कोण बघूलाय?
दीडशेचं मडकं मी वाजवून देतो की ओ.’

सभेत तवनाप्पा उठला.
तीस वर्षं मोल्डर, कानात अजून भट्टी.
‘आत पोकळी राहिली तर वरनं दिसत नाही.
रंग मारला की सगळी कव्हरं सारखी.
हातोडी मारायची.
नाद आला तर ट्रकात,
बद्द वाजलं तर परत रसात.
आमच्या मालाला हे, मग वहीला का नाही?’

चौथा ठराव दोन तास चालला.
गिऱ्हाइकाला ऑडिटरनं थेट पत्र घालावं.
गोदामातला माल वहीत नव्हे, हातानं मोजावा.
कुणीतरी म्हणालं, दोन सह्या पाहिजेत,
एक बाहेरगावच्या माणसाची.
कुंदा डब्यातच राहिला, तुपाचा थर धरून.

यरगट्टी साहेब तीन आठवडे राहिले.
भंगाराचा ढीग पहिल्यांदाच काट्यावर चढला.
त्यांच्या पांढऱ्या बुटांचे बूट तेवढे राहिले,
पांढरं गेलं.
बिल अडीचपट.

हलगेकर साहेब चेकवर सही करताना म्हणाले,
‘खरं बोललो, त्याचं बिल आलं.’
मग पेनाचं टोपण लावता लावता,
मला की स्वतःला, कळलं नाही:
‘गप्प होतो तेव्हा
फुकटसुद्धा कुणी बघायला मागितलं नव्हतं.’

सापडलं काय?
नऊ टन कच्चं लोखंड वहीत जास्त, आवारात कमी.
रात्रपाळीच्या कारकुनानं एक पान दोनदा चढवलेलं.
बस्स, एवढंच.
मला वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल.

पण लोखंडी कपाटात ते अकरा अहवाल आहेत,
एकापेक्षा एक निर्धास्त.
परवा त्यातला एक काढून
मी बोटाच्या पेराने ठोकून पाहिला.
कागद काही बोलत नाही.
त्या वर्षांतही गिऱ्हाईक एकच होतं.

आज शिवलीलानं विचारलं,
‘अक्का, औंदा कुठला शब्द घालू?’
तोच, म्हटलं.
तिनं हसून टाइप केला.

तेवढ्यात खानापूरहून फोन:
सोमवारी ऑडिटर येणार,
ते किती वाजता?